पिकाचूला मराठी नाव द्यावे का?

अमरावती-अकोल्यातली मुले मोबाइलवर ज्या प्राण्यांशी खेळतात, त्यांतले अनेक जपानमध्ये जन्मले आणि इंग्रजी नावे घेऊन इथवर आले. उद्या हे गेम मराठीत आणायचे झाले, तर या नावांचे काय करायचे?

नावे बदलावीत, या मताला खुद्द जपानी कंपन्यांचाच आधार आहे. 'पोकेमॉन' हा गेम १९९६ साली जपानमध्ये आला. त्यातल्या शेपटीवर आग पेटलेल्या सरड्याचे मूळ नाव 'हितोकागे'. 'हि' म्हणजे आग, 'तोकागे' म्हणजे सरडा. १९९८ मध्ये अमेरिकेत जाताना तो 'चारमँडर' झाला, कारण होरपळणे आणि सॅलमँडर हे दोन्ही शब्द तिथल्या मुलांना ओळखीचे होते. फ्रेंच आणि जर्मन मुलांसाठीही वेगळी नावे घडवली गेली. आपल्या मुलांना मात्र हिंदी डबिंगमधूनही इंग्रजी नावेच मिळाली. ती त्यांना पाठ आहेत. त्यांतली गंमत कळत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नाव बदलताना काहीतरी सांडतेच. 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग'मधला दुकानदार टॉम नूक मुळात 'तानुकिची'. तानुकी हा जपानी रानातला, कुत्र्याच्या कुळातला प्राणी. डोक्यावर पान ठेवून तो रूप पालटतो, अशी तिथली लोककथा आहे. गेममधल्या वस्तूंची पाने होतात ती त्यामुळेच. इंग्रजीत तानुकीचा रॅकून झाला. नावात मूळ आवाज कसाबसा जपला गेला, पानाची कथा मात्र तुटली. शिवाय ओठांवर बसलेले नाव हलवणे सोपे नसते. २०१६ मध्ये सगळ्या चिनी भाषकांसाठी 'पोकेमॉन'मधल्या पिकाचूचे एकच नाव ठरवल्यावर हाँगकाँगचे लोक आपल्या कँटोनीज नावासाठी तिथल्या जपानी वाणिज्य दूतावासावर मोर्चा घेऊन गेले. आणि परतवाड्याच्या मुलाला केरळातल्या भिडूशी ऑनलाइन खेळायचे, तर दोघांना एकच नाव ठाऊक हवे.

म्हणून सरसकट नियम नको. पिकाचू पिकाचूच राहू द्या. पण जिथे नावाचा अर्थ खेळात किंवा कथेत काम करतो आणि ते नाव अजून मुलांच्या तोंडी रुळलेले नाही, तिथे मराठी नाव द्यावे. ते कोशातून ओढून काढलेले जड नाव नसावे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत पसरलेल्या मेळघाटाकडे पाहा. चौशिंगा, खवल्या मांजर, रानपिंगळा, मसन्याऊद ही नावे ऐकताच मुलाला पुढचा प्रश्न सुचतो. मेळघाटात वनाधिकारी राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी रानातले असे शब्द आयुष्यभर गोळा केले, काही स्वतः घडवले. कान जंगलाकडे आणि लोकांच्या बोलीकडे असला, तर नाव कसे सापडते, हे त्यांनी दाखवून दिले.

आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आहे. तिथल्या अभ्यासकांनी वऱ्हाडी आणि कोरकू बोलीतली प्राण्यांची नावे गोळा करून गेम बनवणाऱ्या आणि डबिंग करणाऱ्या तरुणांपर्यंत पोहोचवावीत. परक्या पात्रांना नावे देण्याइतकेच, मेळघाटचे प्राणी त्यांच्या मराठी आणि कोरकू नावांनिशी गेममध्ये उतरवणे महत्त्वाचे आहे. ते काम अमरावती-अकोल्याच्या तरुणांनी हाती घ्यावे.