बर्मुडा नवऱ्याचा, अब्रू बायकोची

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी लोणावळ्याला भुशी धरणाच्या पायऱ्यांवर माझ्या वयाचे पुरुष बघा. पन्नाशी उलटलेली, पोट सुटलेलं, अंगात मुलाचा टी-शर्ट आणि खाली गुडघ्याच्या वर चढलेला बर्मुडा. शेजारी बायको. मुसलमान असेल तर बहुधा बुरख्यात, हिंदू असेल तर साडीचा पदर नाहीतर ओढणी सावरत. पाऊस दोघांवर सारखाच पडतो. पण तो मजा करतो आणि ती ओल्या कापडाचं ओझं, पर्स आणि नवऱ्याचा मोबाईल सांभाळत कडेला उभी राहते.

पुरुषाने या वयात नटू नये, असं मी म्हणत नाही. उलट “आता कशाला?” म्हणत कळकट राहणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. नमाजला जाताना नीटनेटकं सजून जावं, असं कुराणच सांगतं (सूरह आराफ, आयत 31). मग सहलीला का नटू नये? माझा राग ऐटीवर नाही. घराची सगळी मजा पुरुषाच्या कपड्यांत आणि सगळी अब्रू बाईच्या कपड्यांत, या वाटणीवर आहे.

आपल्यापुरतं बोलायचं तर बहुतेक फकीहांच्या मते पुरुषानेही बेंबीपासून गुडघ्यापर्यंत अंग झाकायला हवं. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम 30व्या आयतीत आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना 31व्या आयतीत. बायकोला 31वी आयत ऐकवणाऱ्यांना 30वी नेमकी धरणावर आठवत नाही.

“ती स्वतःच्या मर्जीने घालते,” असं उत्तर येईल. असेलही, आणि तसं असेल तर तिच्या मर्जीत मी कोण पडणार? पण घरातून निघताना तिच्या कपड्यांवर किती जण बोलतात आणि तुमच्या कपड्यांवर किती, हे मोजा.

लोणावळ्याहून जवळच कार्ल्याची लेणी आहेत. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर सुमारे 2000 वर्षांपूर्वी कोरलेली स्त्री-पुरुषांची जोडपी आहेत. पुरुषांच्या डोक्याला भरदार पागोटं, कमरेला वस्त्र. बाई नटलेली आहे, पण बाप्याही ऐटीत कमी नाही. दोघांचंही वरचं अंग उघडं. तसं उघडं फिरा, असं मी सांगत नाही. पण हवा एक, तर नियमही दोघांना एकच, एवढं त्या दगडातून घेता येतं.

मग घालायचं काय? पावसाळ्यात मावळात जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही, ती घरी ठेवा. सुती किंवा लिननचा सैल शर्ट, लवकर वाळणारी पायघोळ पँट आणि शेवाळावर पकड घेणारे पट्ट्याचे सँडल. पोट लपतं, रुबाबही दिसतो. बायकोलाही तिच्या पसंतीचं, हलकं आणि लवकर वाळणारं काही घेऊन द्या. खर्च तुमच्या कपड्यांइतकाच करा.

आणि निघण्याआधी तिच्यासाठी ठरवलेला नियम एक दिवस स्वतःला लावून बघा. तुम्हाला तो जाचला, तर तिलाही इतकी वर्षं जाचतच असेल.