भूमिका आठवते, नट आठवतो का?

नियतकालिक हाती पडताच प्रथम शब्दकोड्याचे पान उघडणारे वाचक सर्वत्र आढळतात. आर्थर विन यांनी १९१३ साली ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात पहिले शब्दकोडे प्रसिद्ध केले. पुढे हा छंद मराठीतही रुजला आणि नट-नट्यांची नावे आपल्या कोड्यांत हक्काने येऊन बसली. मात्र ती ज्या रीतीने विचारली जातात, तिचा विचार व्हावयास हवा.

‘प्रसिद्ध हिंदी अभिनेते (५)’ हा संकेत पाहा. राज कपूर, देव आनंद, शशी कपूर ही तिन्ही नावे पाच घरांत बसतात. येथे सोडवणाऱ्याच्या ज्ञानाची नव्हे, तर केवळ नशिबाची परीक्षा होते. याउलट, ‘१९७५ च्या ‘शोले’मधील कालिया (४)’ असे विचारले की उत्तर एकच उरते : विजू खोटे. कालिया सर्वांना ठाऊक असतो. परंतु मोजक्या प्रसंगांत तो अजरामर करणाऱ्या कलावंताचे नाव सांगताना अनेकजण अडखळतात. भूमिकेकडून नटाकडे नेणारा संकेत म्हणूनच मोलाचा ठरतो.

असा संकेत नेमका असणे मात्र अगत्याचे आहे. ‘‘नटसम्राट’मधील अप्पासाहेब बेलवलकर’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. १९७० साली रंगभूमीवर आलेली ही भूमिका डॉ. श्रीराम लागू यांच्यानंतर दत्ता भट, सतीश दुभाषी आणि यशवंत दत्त यांनीही केली. २०१६ च्या चित्रपटात ती नाना पाटेकर यांच्याकडे आली. माध्यम आणि काळ सांगितल्याशिवाय हा प्रश्न न्याय्य होत नाही. चांगला संकेत कधी इतिहासाचे दारही उघडतो. ‘१९११ च्या ‘संगीत मानापमान’मधील भामिनी (५)’ याचे उत्तर ‘बालगंधर्व’ असे मिळाले, की पुरुष नटांनी स्त्रीभूमिका गाजवल्याचा तो काळ नव्या पिढीपुढे उभा राहतो.

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या वाचकांना हे जड जाईल, असा आक्षेप घेतला जाईल. इंदूर, बडोदे वा हैदराबाद येथील तरुण मराठी वाचकाने ही नाटके पाहिली नसतील, हे खरेच. पण त्याच्या मदतीला छेद देणारे शब्द असतात. मराठी कोड्यात एका घरात काना-मात्रेसह संपूर्ण अक्षर येते. ‘निळू फुले’ या नावातील ‘ळू’ हे घर ‘वाळू’ किंवा ‘टाळू’ या शब्दांमुळे सहज उलगडते. ‘बेर्डे’मधील ‘र्डे’ला मात्र असा सोबती मिळणे दुरापास्त, म्हणून तेथे कोडेकाराने संकेतच अधिक भरीव द्यावा.

नायकांची नावे लोकांच्या ओठी राहतातच. दुय्यम भूमिका करणाऱ्यांच्या बाबतीत मात्र पात्र उरते आणि माणूस विस्मरणात जातो. म्हणून आपल्या पत्रिकेच्या प्रत्येक कोड्यात अशा एका तरी कलावंताला स्थान मिळावे, आणि पुढील अंकात उत्तरासोबत त्या कलाकृतीचे नाव व वर्षही छापले जावे, असे मला वाटते. त्यासाठी एक जादा ओळ लागेल. तेवढी जागा आपल्या पत्रिकेत नक्कीच निघेल.