संपादक कशाला?

'जालावर जागेची टंचाई नाही, मग संपादक कशाला?' नवी मुंबईतून एका छोट्या जालीय नियतकालिकाचे संपादन स्वीकारल्यापासून आम्हांला हा प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. प्रश्नकर्ते संपादकाला पानांचा रखवालदार समजतात. १९८२ साली बंद पडलेल्या 'सत्यकथे'त राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रे लिहून पुनर्लेखन करवून घेत. ते काय पाने अपुरी होती म्हणून? १९६९ साली 'सत्यकथे'ची होळी करणाऱ्यांचा रोष संपादकीय सत्तेवर होता. तो रास्तही असेल; पण अनियतकालिके काढणाऱ्यांनाही निवड चुकली नाहीच. आलेले सारे न वाचता प्रसिद्ध करणे ही लेखकाविषयीची बेपर्वाई आहे. सकारण नकार हा त्याचा हक्क आहे आणि तो आम्ही देणारच.