पोट, पाठ आणि बारबेल

अमरावती किंवा अकोल्यातल्या एखाद्या व्यायामशाळेत संध्याकाळी डोकावून पाहा. काही मुले बारबेलभोवती दिसतील, तर काही सतरंजीवर पडून सिट-अप काढताना दिसतील. कारण विचारले तर उत्तर बहुधा असे येते : "पोट मजबूत झाले की वजन आपोआप वाढते आणि पाठही सांभाळली जाते." अलीकडे या व्यायामांना 'कोअर' असे नाव मिळाले आहे. पण या समजुतीत तथ्य किती? पाठीच्या दुखापतीचा प्रश्न असल्यामुळे याचा नीट विचार केला पाहिजे. मी भौतिकशास्त्र शिकवतो, तेव्हा शाळेत शिकलेल्या तरफेपासूनच सुरुवात करू या.

जमिनीवरची बारबेल उचलायला तुम्ही वाकता, तेव्हा कंबरेचे मणके हा टेकू होतो. हातातले वजन हा भार, आणि कण्यालगतचे पाठीचे स्नायू बल लावतात. हे स्नायू टेकूपासून जेमतेम ५ सेंटिमीटर मागे असतात. बारबेल मात्र ३० सेंटिमीटर पुढे असू शकते. ती ६० किलोग्रॅमची असेल, तर भार गुणिले भारभुजा म्हणजे ६० × ३० = १८००. ५ सेंटिमीटरच्या भुजेने तेवढाच गुणाकार साधायचा, तर पाठीला ३६० किलोग्रॅम वजनाइतके बल लावावे लागेल. यात धडाचे आणि डोक्याचे वजन अजून धरलेलेच नाही!

आता तीच बारबेल अंगाजवळून, नडग्यांना लागून वर आणा. अंतर २० सेंटिमीटर झाले, तर बल २४० वर येते. केवळ १० सेंटिमीटरच्या फरकाने १२० किलोग्रॅमचा ताण वाचला. हा हिशेब कोणताही पोटाचा व्यायाम बदलू शकत नाही. धान्यबाजारातला हमाल पोते हातांवर पुढे धरून चालत नाही, पाठीवर घेतो. त्याने तरफेचे गणित सोडवलेले नसेल, पण ते त्याला पक्के ठाऊक असते.

मग पोटाच्या स्नायूंना काहीच काम नाही का? आहे, आणि ते महत्त्वाचे आहे. वऱ्हाडातल्या कापसाचेच उदाहरण घ्या. मोकळ्या कापसाच्या ढिगावर दगड ठेवला तर ढीग दबतो. तोच कापूस प्रेसमध्ये दाबून, पट्ट्यांनी आवळून त्याची गाठ बांधली, की गाठीवर गाठ रचता येते. वजन उचलणारा खेळाडू असेच काहीसे करतो. तो श्वास भरून घेतो आणि पोट चहूबाजूंनी आवळतो. मोठे वजन उचलताना पोटातला दाब पाऱ्याच्या १५० मिलिमीटरच्याही वर गेल्याचे मोजमापांत आढळले आहे. म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जवळजवळ पाचवा हिस्सा! या दाबामुळे धड ताठ राहते आणि पायांनी लावलेले बल मध्येच वाया न जाता खांद्यांपर्यंत व हातांपर्यंत पोचते.

येथेच खरी मेख आहे. सिट-अपमध्ये पोटाचे स्नायू कणा वाकवतात. बारबेल उचलताना त्यांना कणा वाकू द्यायचा नसतो. स्नायू ज्या कामाचा सराव करतात, त्या कामात ते अधिक तरबेज होतात. म्हणून दोनशे सिट-अप काढणारा मुलगा सिट-अपमध्ये पटाईत होईल. त्याची डेडलिफ्ट तेवढ्याने वाढेलच असे नाही. त्वचेवर विद्युत-अग्रे लावून स्नायूंचे काम मोजता येते. अशा मोजमापांत भारी स्क्वॉट व डेडलिफ्ट करताना पाठीचे स्नायू चेंडूवरच्या कोअर व्यायामांपेक्षा जास्त काम करताना दिसले. पोटाच्या पुढच्या स्नायूंच्या बाबतीत मात्र असा मोठा फरक आढळला नाही. धडाच्या व्यायामांनी धडाची ताकद वाढते, पण सरावलेल्या खेळाडूंच्या कामगिरीत त्यामुळे पडणारी भर थोडीच असते, असेही अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केल्यावर दिसून आले आहे.

शिवाय वजन उचलणे हे एकट्या धडाचे काम नव्हे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलोग्रॅम गटात ११३ आणि १३५, असे एकूण २४८ किलोग्रॅम उचलून रौप्यपदक मिळवले. १३९ किलोग्रॅमच्या प्रयत्नात त्याच्या उजव्या कोपराला दुखापत झाली आणि सुवर्णपदक १ किलोग्रॅमने हुकले. दोर तुटतो तो कच्च्या पिळाशी. तो पीळ कधी कोपर असतो, कधी गुडघा, तर कधी कंबर.

म्हणून माझे मत असे : नवशिक्याचे धड बारबेलखाली डगमगत असेल, तर धड ताठ धरायला शिकवणारे व्यायाम त्याने जरूर करावेत. प्लँक हा त्यांपैकी एक. पण असे व्यायाम आपल्याकडे नवे नाहीत. जोर काढताना कंबर लोंबू द्यायची नसते. मल्लखांबावर अंग आडवे तोलून धरणाऱ्या मुलाचे धड कणखर होतेच. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले आणि १९३६ मध्ये त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. हा वारसा आपल्या दाराशीच आहे. मात्र बारबेल उचलायची असेल, तर मुख्य सराव बारबेलचाच हवा : आधी हलके वजन, अंगाजवळ, कणा सरळ, जाणत्या शिक्षकासमोर. श्वास रोखल्याने रक्तदाब चढतो. म्हणून तो क्षणभरच रोखावा आणि हृदयाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. "माझे पोट मजबूत आहे" एवढ्या भरवशावर वजन वाढवणे मात्र धोक्याचे.

शिक्षकांनाही एक सूचना. हा वाद तोंडी का घालावा? व्यायामशाळेतल्या मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. दोघांनाही आठ आठवडे सारखाच, हलक्या वजनाचा सराव द्या. एका गटाला त्याशिवाय रोज दहा मिनिटे प्लँक द्या. एकच हलके वजन कणा न वाकता किती वेळा उचलता येते, हे आधी आणि नंतर मोजा व वहीत लिहा. आकडे माझ्या मताविरुद्ध गेले तर तेही स्वीकारावेत. मुलांना प्रयोगाची गोडी लागली, तर ती कमाई बारबेलवरच्या वजनापेक्षा मोठी ठरेल.