तंबोरा गवसणीतच का?

बेळगावात आपल्या कितीतरी घरांत तंबोरा आहे, पण गवसणीत. तार तुटली की "मिरजेला न्यायला हवा" म्हणायचं, आणि वर्ष जातं. अहो, तार बदलायला मिरज कशाला? खुंटी घसरते? खडू लावा. आधी खुंटीने सुरात आणा, बारीक फरक मण्याने काढा. आवाज बोदा वाटला तर घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवत राहा. एका जागी तार एकदम गुंजायला लागते. मी हे साठीनंतर शिकलो. बँकेतला ताळेबंद जुळवण्यापेक्षा सोपं आहे! मोबाइलवरचा तंबोरा सोयीचा खरा, पण तो लावावा लागत नाही, मग नातवंडांचा कान तयार व्हायचा कसा? जवारीला मात्र घरी कानस लावू नका. ते कारागिराचंच काम, आणि तिथे पैशांची घासाघीसही नको.