निदानापेक्षा अंदाज हवा

त्वचारोगाचे निम्मे निदान डोळेच करतात. कोडाचा डाग किंवा सोरायसिसचा खपली धरलेला चट्टा ओळखायला रक्त काढावे लागत नाही. पेम्फिगसची शंका आली तर बायोप्सी, इम्युनोफ्लुओरेसन्स आणि डेस्मोग्लीनविरोधी प्रतिपिंडांची तपासणी हाताशी आहेच. तरीही रक्तात फिरणाऱ्या मायक्रोआरएनएवरून, म्हणजे जनुकांचे काम आवरणाऱ्या छोट्या आरएनए रेणूंवरून, हे आजार 'ओळखता' येतात, असे सांगणारे शोधनिबंध येतच आहेत. मायक्रोआरएनएच्या शोधासाठी २०२४चे नोबेल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांना मिळाल्यावर तर या विषयाला वलयच आले. अशा वेळी या तपासणीकडून आपल्याला नेमके काय हवे, हे प्रयोगशाळांच्या आधी आपणच ठरवायला हवे.

डोळ्यांना दिसत नाही ते पुढचे. कोड पसरणार की थांबणार? रिटुक्सिमॅब घेतलेल्या रुग्णाचा पेम्फिगस पुन्हा कधी उलटेल? स्क्लेरोडर्मात फुप्फुसे कोणाची आवळतील? या प्रश्नांची उत्तरे रक्तातून मिळाली तर ती सोन्याहून पिवळी. रुग्ण आणि निरोगी माणूस यांच्यातला फरक दाखवणारा आलेख मात्र ओपीडीत उपयोगाचा नाही.

यामागचे जीवशास्त्र भक्कम आहे. मिर-१४६ए हा मायक्रोआरएनए ट्राफ-६ आणि आयरॅक-१ या प्रथिनांना दाबून दाहाला लगाम घालतो. मिर-२९ कोलॅजनला आवरतो आणि स्क्लेरोडर्माच्या फायब्रोब्लास्टमध्ये तोच घटलेला असतो. पण हे घडते त्वचेत, आणि तिथेही एकट्या पेशीत नाही. बेंगळुरूच्या इन्स्टेम या संशोधन संस्थेतील कॉलिन जमोरा यांच्या गटाने २०१८ मध्ये फायब्रोसिसमागे फायब्रोब्लास्ट आणि मास्ट पेशींचे साटेलोटे असल्याचे आणि त्यात पीएआय-१ हे प्रथिन मध्यस्थ असल्याचे दाखवले. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कोडाच्या रुग्णांचे मायक्रोआरएनए तपासले गेले, तेही डागाच्या आणि डागाबाहेरच्या त्वचेत. प्लाझ्मातले बहुतेक मायक्रोआरएनए मात्र रक्तपेशींतून आणि प्लेटलेट्समधून येतात. त्यात त्वचेचा वाटा किती, हे सिद्ध केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

त्याआधी रक्त घेण्याच्या ट्यूबकडे पाहू. हेपॅरिन पीसीआर अडवते, म्हणून ईडीटीए घ्यावे. सीरममध्ये रक्त गोठताना प्लेटलेट्स आपला ऐवज ओततात, म्हणून प्लाझ्मा घ्यावा आणि तो दोनदा फिरवावा. बाहेर काढलेल्या प्लाझ्माला जरा जरी गुलाबी झाक असली तरी तांबड्या पेशी फुटल्या असे समजावे. डोळ्याला झाक दिसली नाही तरी मिर-४५१ए आणि मिर-२३ए यांच्या सीक्यूतला (पीसीआरच्या चक्रसंख्येतला) फरक पाहावा. तो ७च्या पुढे गेला तर नमुना बाद. अनेक अभ्यासांत संदर्भ म्हणून वापरलेला मिर-१६ सुद्धा तांबड्या पेशींत भरलेला असतो. म्हणजे ज्या मापाने मोजायचे, तेच माप ट्यूबमध्ये बदलते. के. आर. मार्केटजवळच्या व्हिक्टोरिया रुग्णालयातून निघालेली ट्यूब बळ्ळारी रस्त्यावरच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत वाहतुकीत किती वेळ अडकली, याची नोंद म्हणूनच अहवालाचा भाग असायला हवी. त्याहून बरे म्हणजे प्लाझ्मा रुग्णालयातच वेगळा करून गोठवावा.

बेंगळुरूत मोठी सरकारी रुग्णालये, सेंट जॉन्ससारखे वैद्यकीय महाविद्यालय आणि एनसीबीएस-इन्स्टेम या संशोधन संस्थांचा परिसर एकाच शहरात आहेत. इथल्या त्वचाविभागांनी एकच कार्यपद्धती ठरवून एकाच रुग्णाचे नमुने उपचारापूर्वी, स्टिरॉइड कमी करताना आणि आजार उलटल्यावर घ्यावेत. चालू औषधे आणि क्षयासारखे संसर्ग नोंदवावेत. तुलनेला केवळ निरोगी माणसे न घेता एक्झिमाचे रुग्णही घ्यावेत, कारण मिर-१४६ए आणि मिर-१५५ कुठल्याही दाहात हलतात.

असा पाठपुरावा पूर्ण होईपर्यंत कोणी जाहिरात केली म्हणून ही तपासणी चिठ्ठीवर लिहू नये. संशोधनाचा खर्च संशोधनाच्या निधीतून व्हावा, रुग्णाच्या खिशातून नव्हे.