पऱ्ह्यांना जागा, पाळण्यांना नाही

मृगाचा पहिला पाऊस पडला की आरमोरी परिसरातील धानउत्पादक शेतकरी पऱ्हे टाकण्यासाठी बांधीतला सर्वांत चांगला कोपरा निवडतो. तेथे पाणी साचता कामा नये आणि आटताही कामा नये; जनावर शिरू नये म्हणून काटेरी कुंपण हवे; बी फार दाट पडले तर रोपे लांबट आणि अशक्त होतात, म्हणून हात राखून फेक करावी लागते. कोवळ्या रोपाला जागा, पाणी, ऊन आणि राखण किती लागते, हे येथील निरक्षर म्हातारीलाही तोंडपाठ असते. पुढे तीनचार आठवड्यांनी रोवणी सुरू होते, आणि वाकून, गुडघाभर चिखलात उभे राहून ती रोपे लावण्याचे काम बहुतांशी स्त्रियाच करतात. मात्र त्याच स्त्रियांच्या पोटची तान्ही मुले त्या वेळी कोठे असतात, त्यांच्यासाठी कोणता कोपरा निवडला गेला आहे, हा प्रश्न विचारण्याची पद्धत अद्याप पडलेली नाही.

उत्तर सर्वांना ठाऊक आहे. काही मुले धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या जुन्या लुगड्याच्या झोळीत असतात. काही घरी थकलेल्या आजीपाशी असतात. आणि काही आठनऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतात, जिचे नाव शाळेच्या पटावर असते आणि जी रोवणीचा महिनाभर शाळेत फिरकत नाही. एका मजुरीच्या बदल्यात दोन बालपणे अशी गहाण पडतात. जंगलाच्या कडेची झोळी तर आता नुसती गैरसोयीची राहिलेली नाही. 2022 च्या ऑक्टोबरात वडसा वनविभागात जेरबंद झालेल्या एका वाघाने गडचिरोली, चंद्रपूर व भंडारा या तीन जिल्ह्यांत मिळून 13 माणसांचा जीव घेतला होता, ही गोष्ट येथील कोणतीही आई विसरलेली नाही.

शहरांतून अलीकडे बाळाची खोली सजविण्याची मोठी हौस दिसते. जुळी किंवा तिळी होणार असे कळताच भिंतींचे रंग, जोडीचे पाळणे, पडदे आणि खेळणी यांचा विचार सुरू होतो. या हौसेची टर उडविण्याचे कारण नाही. एकाच वेळी दोन बाळे सांभाळणाऱ्या आईला वस्तू हाताशी असणे, एक रडला तरी दुसरा झोपू शकणे आणि स्वतःला पाठ टेकायला जागा असणे या खऱ्याच गरजा आहेत. आक्षेप आहे तो एवढाच की ही गरज बाजाराने ओळखली, समाजाने ओळखली नाही. ज्या गावात रोवणीच्या दिवशी वीस आया एकाच वेळी चिखलात उतरतात, तेथे वीस बाळांची खोली ही एकाही घराची खाजगी बाब असू शकत नाही. ती गावाची बाब आहे, आणि म्हणून ती राजकारणाची बाब आहे.

कायद्याने हा प्रश्न पाहिलाच नाही, असे म्हणता येणार नाही. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 48 व्या कलमाने 50 हून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले, आणि 1976 च्या दुरुस्तीने ती मर्यादा 30 वर आणली. 1951 च्या मळेकामगार कायद्यात व 1966 च्या विडीकामगार कायद्यात तशाच तरतुदी आल्या. 1961 च्या प्रसूतिलाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्या दिल्या. 2017 च्या दुरुस्तीने 50 कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक करून आईला तेथे दिवसातून चार वेळा जाण्याचा हक्क दिला. या सर्व तरतुदी श्रेयस्कर आहेत. पण त्या सगळ्या एकाच खुंटीला टांगलेल्या आहेत, आणि ती खुंटी म्हणजे एक मालक, एक हजेरीपट आणि एक फाटक. रोवणी करणाऱ्या बाईला महिन्याभरात दहा मालक असतात आणि फाटक एकही नसते. मोह वेचताना किंवा तेंदूपाने तोडताना तर तिचा मालक कोण, हेच कायद्याला सांगता येत नाही. परिणामी जिला पाळणाघराची सर्वाधिक गरज, तीच या कायद्यांच्या कक्षेबाहेर राहिली.

रोजगार हमीच्या कामांपुरती एक वाट निघाली होती. कामावर आलेल्या स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांच्यातील एका स्त्रीला मुले सांभाळण्याचे काम द्यावे व तिला पूर्ण मजुरी द्यावी, असे 2005 च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीने सांगितले. मूल सांभाळणे हे मजुरीस पात्र असे काम आहे, ही कबुली त्यात होती आणि ती मोलाची होती. परंतु त्यातून मुलांना मिळाली ती फार तर एक सावली. खोली मिळाली नाही.

या बाबतीत महाराष्ट्राला इतिहासाची उणीव नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, तेव्हा अनेक आयांच्या बाळांसाठी एका घराचे दार उघडले गेले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम उभे केले, तेव्हा मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, हा विचार रुजला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी त्यांची विकासवाडी याच विचाराचे फळ होते. थोरल्या बहिणीने कडेवरचे मूल शेजारच्या खोलीत ठेवावे आणि स्वतः पाटीवर बसावे, अशी ती सोय होती. आणि 1969 मध्ये दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असताना, तेथील मजूर स्त्रियांची मुले धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर सुरू केले. त्यातूनच 'मोबाईल क्रेशेस' ही संस्था वाढली. तात्पर्य, जागा आधी आणि इमारत नंतर, हे तिन्ही ठिकाणी सिद्ध झाले.

मग आरमोरीच्या खेड्यातील वीसपंचवीस बाळांची खोली कशी असावी? हा प्रश्न सजावटीचा वाटतो, पण त्याची सुरुवात जागेच्या मापापासून होते, आणि तेथेच पहिला अन्याय दडलेला आहे. 2017 च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेने 25 मुलांच्या पाळणाघरात दर मुलामागे सहा ते आठ चौरस फूट जागा पुरेशी मानली. 2018 मध्ये नोकरदार आयांच्या पाळणाघरांसाठी आलेल्या मार्गदर्शक सूचनांत मात्र दहा ते बारा चौरस फूट हे किमान माप ठरले. म्हणजे 25 मुलांसाठी एकीकडे फार तर 200 आणि दुसरीकडे 300 चौरस फूट. दोन्ही मापे एकाच शासनाची आहेत. कचेरीतील आईचे मूल हातपाय पसरून झोपते आणि मजूर आईचे मूल अंग चोरून झोपते, असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? बी दाट फेकले तर रोप अशक्त होते, हे ज्ञान बांधीत चालते आणि मंत्रालयात थांबते, असाच याचा अर्थ होतो.

दुसरी बाब छपराची. शेजारच्या ब्रह्मपुरीचे तापमान मे महिन्यात अनेकदा 45 अंशांपलीकडे जाते. अशा मुलखात पत्र्याची खोली ही तान्ह्या मुलांसाठी भट्टी ठरते. कवेलूचे छप्पर, त्याखाली बांबूच्या तट्ट्यांचे आच्छादन, समोरासमोर खिडक्या आणि दक्षिण-पश्चिमेला रुंद ओसरी, एवढ्याने उष्मा पुष्कळ निवतो; आणि हे बांधण्याचे कसब येथील सुतार व बुरड कारागिरांच्या हाती आहे. जोते उंच हवे, कारण पावसाळ्यात साप-विंचू कोरडी जागा शोधत येतात. जागा पुराच्या रेषेबाहेरची हवी. 2020 च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्दच्या विसर्गाने वैनगंगा कोठवर चढली, हे काठावरच्या गावांनी पाहिलेले आहे.

आतली मांडणी मुलांच्या वयावरून ठरावी. न रांगणारी, रांगणारी आणि धावणारी मुले एकाच मोकळ्या खोलीत सोडली तर धावणारे रांगणाऱ्याला तुडविते आणि सांभाळणारीचा दिवस भांडणे सोडविण्यात जातो. गुडघ्याएवढ्या उंचीची बांबूची आडवी ताटी हे काम भागविते. तिच्यावरून मोठ्या माणसाला सर्व मुले दिसतात. प्रत्येक बाळाला लाकडी पाळणा असण्याची आवश्यकता नाही. भक्कम आड्याला टांगलेल्या, एकमेकींना न धडकणाऱ्या काही झोळ्या आणि धुता येतील अशा चटया पुरेशा होतात. परंतु मच्छरदाणीला पर्याय नाही. गडचिरोली हा राज्यातील हिवतापाने सर्वाधिक पीडित जिल्हा आहे, आणि दुपारची झोपही तेथे उघड्यावर असू नये. पाणी झाकलेले आणि मुलांच्या हाताबाहेर हवे. चूल भिंतीपलीकडे हवी. आणि आईला पाजण्यासाठी आडोशाची एक बाज हवी. हा शेवटचा कोपरा आराखड्यातून सर्वांत आधी गळतो, कारण आराखडे करणाऱ्यांना मुले पाजावी लागत नाहीत.

सजावटीचा विचार यानंतरचा. पण तो क्षुल्लक नव्हे. सरकारी खोल्यांच्या भिंतींवर सफरचंद, झेब्रा आणि इंग्रजी मुळाक्षरे रंगविण्याचा प्रघात आहे, आणि ती चित्रे बहुधा भेटीस येणाऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर असतात. नुकत्या जन्मलेल्या बाळाला वीततीड विताच्या पलीकडले स्पष्ट दिसत नाही. पाठीवर निजलेले मूल छपराकडे पाहते. रांगणाऱ्याची नजर जमिनीपासून दोन फुटांच्या आत फिरते. तेव्हा चित्रे तेथेच असावीत. मोहाचे फूल, पळस, तलावातला मासा, धानाची लोंबी आणि बगळा मुलांना ओळखीचे वाटतील, आणि त्यांची नावे झाडीबोलीत व गोंडीत उच्चारली जावीत. आरमोरी टसर रेशमासाठी ओळखली जाते. रिकाम्या कोशांची माळ झोळीवर, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगली तर तिच्याइतके हलके आणि डुलणारे खेळणे दुकानात मिळणार नाही. कोसबाडने बिया, शिंपल्या आणि माती यांतून शिक्षणसाधने घडविली. पण तीन वर्षांखालील मुलांच्या खोलीत बारीक बियांना मज्जाव हवा, कारण त्या घशात अडकतात. रानात सहज मिळणारी लालबुंद गुंज तर विषारीच आहे. स्वस्त ते सारे निर्धोक असते, असा भाबडेपणा येथे परवडणारा नाही.

खोली उत्तम झाली तरी ती केव्हा उघडते, यावर तिचे मोल ठरते. योजनेतले पाळणाघर महिन्याचे 26 दिवस, रोज साडेसात तास चालावे असा नियम होता. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडायला स्त्रिया झुंजूमुंजू होण्यापूर्वी निघतात. दहा वाजता उघडणारी खोली त्यांच्या दृष्टीने बंदच असते. पाळणाघराचे वेळापत्रक कचेरीच्या घड्याळाने नव्हे तर मोह, तेंदू, रोवणी आणि कापणी यांच्या पंचांगाने ठरले पाहिजे.

यावर दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला असा, की अंगणवाडी असताना निराळे पाळणाघर कशाला? 1975 पासून चालत आलेल्या अंगणवाडीने मोठे काम केले आहे. पण तिच्या खोलीत बसतात ती मुख्यतः तीन ते सहा वर्षांची मुले, आणि तीही काही तास. तीन वर्षांखालच्यांच्या वाट्याला घरी न्यायचा शिधा येतो. शिधा मुलाला भरवणारे हात तो पुरवीत नाही. 2022 मध्ये आलेल्या 'पाळणा' योजनेने अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याचे ठरविले आहे, ही दिशा योग्य आहे. परंतु त्याच अंगणवाडीसेविकेवर हा भार टाकून काम निभावता येणार नाही.

दुसरा आक्षेप असा, की खेड्यातल्या अशिक्षित बाईकडे तान्ही मुले कशी सोपवावी? याचे उत्तर गडचिरोली जिल्ह्यानेच दिलेले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांतील स्त्रियांना नवजात बालकांच्या घरोघर सेवेचे शिक्षण दिले. त्या कामाने तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यूचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले आणि 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रश्न स्त्रियांच्या कुवतीचा नाही. त्यांच्या शिक्षणाचा आणि मोबदल्याचा आहे. 2017 च्या योजनेत पाळणाघरसेविकेला महिना 3000 आणि मदतनीस बाईला 1500 रुपये मानधन होते. 25 मुलांचा दिवसभराचा सांभाळ या दराने विकत घेणारे शासन वेतनाला मानधन म्हणते ते केवळ किमान वेतन टाळण्यासाठी. अंगणवाडीसेविकांना उपदानाचा हक्क आहे, हे मान्य होण्यासाठी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हे विसरता येत नाही.

पैसा कोठून आणावा, याचेही उत्तर अवघड नाही. मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, आणि त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांच्या हाती बांबू व तेंदू यांचे उत्पन्न आले. खोलीसाठी बांबू, श्रम आणि जागा ग्रामसभा देऊ शकते. वेळापत्रक तर तिनेच ठरवावे. वेतन, मच्छरदाण्या, आहार व शिक्षण ही जबाबदारी मात्र शासनाची आहे, आणि गावाच्या हौसेकडे बोट दाखवून शासनाला ती झटकता येणार नाही. शेतमजुरांच्या संघटनांनीही मजुरीच्या दराबरोबर पाळणाघराची मागणी निवेदनाच्या शेवटच्या ओळीत न लिहिता पहिल्या ओळीत लिहिली पाहिजे. पुरुष कार्यकर्त्यांना ती 'बायकांची मागणी' वाटते, म्हणूनच ती इतकी वर्षे शेवटी राहिली.

पुढचा मृग येईल तेव्हा आरमोरीच्या बांधींत पऱ्ह्यांसाठी पुन्हा कोपरे राखले जातील, कुंपणे घातली जातील आणि रात्री उठून पाणी पाहिले जाईल. हे ज्ञान आणि ही निगा गावापाशी आहेच. ती तीनशे चौरस फुटांच्या एका खोलीपर्यंत पोचवावयाची आहे, जेणेकरून पुढच्या रोवणीला कोणत्याही आईची नजर चिखलातून वारंवार धुऱ्याकडे वळणार नाही आणि नऊ वर्षांची तिची लेक त्या वेळी शाळेत असेल.